काचेचं कॅबिनेट

चंपतराव संत्र्याचे व्यापारी. संत्रं पारखण्यात आपला हात धरणारा नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात कोणी नाही, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं. बाजारातल्या इतरांचंही तेच मत असावं, पण ते कोणी त्यांच्या तोंडावर बोलत नसे. बोललं असतं तर भाव पाडून मागायची सोय राहिली नसती. काटोलकडच्या एखाद्या बागेत शिरले की ते बागवानाशी हवापाण्याच्या गप्पा मारत एक फळ सहज तोडायचे, अंगठ्यानं साल दाबायचे, नाकाशी न्यायचे आणि तेवढ्यावर अख्ख्या बागेची किंमत मनात ठरवून मोकळे व्हायचे. अशा माणसाला मुलीनं खरेदीला सोबत चला म्हटलं, तेव्हा पोरीनं योग्य माणूस गाठला असं त्यांना वाटलं.

खरेदी होती कॉम्प्युटरची. तोही तयार उचलून आणायचा नव्हता. एकेक भाग वेगळा निवडायचा आणि मग ते सगळे जोडून घ्यायचे. सोनिका त्यांची एकुलती एक, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पाचजणांनी संघ करून खेळायचा बंदुकांचा एक ऑनलाइन खेळ ती खेळायची. दार लावून पोरगी ओरडते कोणावर, हा प्रश्न चंपतरावांना बरीच वर्षं पडलेला होता; ती त्यात किती तरबेज आहे हे मात्र अलीकडेच कळलं. पुण्याच्या एका संघात एक जागा रिकामी झाली होती आणि त्यांनी तिला चाचणीला बोलावलं होतं. म्हणजे पुण्याला जायचं नव्हतं, घरी बसूनच खेळायचं होतं, येत्या रविवारी भर दुपारी. आणखी एका मुलीचं नावही पुढे होतं आणि जागा एकच होती.

अडचण एवढीच की सोनिकाचं जुनं मशीन मे महिन्यात दुपार चढली की आपोआप बंद पडायचं. त्यालाही जेवल्यावर झोप येत असंल, असं तिची आई सुभद्रा म्हणायची. चंपतरावांचा मृग बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरची संत्री, उरकला होता, हिवाळ्यात येणारा आंबिया बहार अजून दूर होता, त्यामुळे वेळ भरपूर होता. पैशाचा विषय त्यांनी घरीच मिटवून टाकला. "तुले पायजे ते घे वं," ते म्हणाले, "माझ्या तोंडाकडं पाहात बसू नको."

दुकान सीताबर्डीला, एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. मालक विक्की तिशीतला, बोलका माणूस. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या, गार पाणी दिलं आणि लगेच सगळ्यात चमकदार खोक्याला हात घातला. आत म्हणे रॅम होती आणि ती सात रंगांत लुकलुकायची.

"विक्कीभाऊ, ते राहू द्या," सोनिका म्हणाली. "मे महिन्यात दुपारी तीन वाजता माझ्या खोलीत जे चालन, ते दाखवा."

चंपतराव खुर्चीत जरा पुढे सरकले. माल कुठे जाणार आहे ते आधी सांगायचं आणि मग माल बघायचा, ही रीत त्यांचीच होती. दिल्लीला जायचा माल ते थोडा कच्चा उचलत आणि नागपुरात विकायचा असेल तर पिकलेला. पोरीला हे कोणी शिकवलं, त्यांना आठवेना. त्यांनी तर शिकवलं नव्हतं.

मग सोनिकानं जी खरेदी केली, ती चंपतराव पुढे कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत राहिले. प्रोसेसर, म्हणजे मशीनचं डोकं, विक्कीनं सगळ्यात वरच्या दर्जाचं पुढे केलं. तिनं त्याच्या एक पायरी खालचं मागितलं. वरचं तापतं फार, आणि तापलं की स्वतःच हळू होतं, मग वरचं घेऊन फायदा काय, असं तिचं म्हणणं. डोकं थंड ठेवायला विक्कीनं पाण्यावर चालणारा, छोट्या पंपाचा प्रकार सुचवला.

"पंप नको," सोनिका म्हणाली. "घरच्या कूलरचा पंप दरवर्षी मे महिन्यातच जाते. आणखी एक पंप कोण सांभाळन?"

विक्की हसला, कारण मे महिन्यात कूलरचा पंप न बिघडलेलं घर नागपुरात शोधावं लागलं असतं. तिनं साध्या पंख्याचा, धातूच्या पातळ पात्यांचा एक भलामोठा गठ्ठा घेतला. दिसायला तो काही सुंदर नव्हता. पडद्यावरची चित्रं सांभाळणारं ग्राफिक कार्ड निवडताना तिनं आधी विचारलं की बिघडलं तर दुरुस्ती नागपुरात होते की मुंबईला पाठवावं लागतं. दोन कार्डं त्या एका प्रश्नावरच बाद झाली. ज्यावर सगळे भाग बसतात त्या मदरबोर्डचं खोकं तिनं तिथंच उघडायला लावलं आणि मोबाइलचा उजेड टाकून आतल्या केसासारख्या बारीक पिना वाकलेल्या नाहीत ना, हे डोळा बारीक करून बघितलं. बोटं कुठेच लागू दिली नाहीत. चंपतरावांच्या अंगावर काटा आला. बागेत उभं राहून फळाला हात न लावता देठ बघणारा त्यांचा बाप त्यांना त्या क्षणी पोरीत दिसला, आणि तो बाप तर ती जन्मायच्या आधीच गेलेला.

मशीनला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायचे दोन प्रकार समोर आले तेव्हा चंपतरावांना राहवेना. त्यांनी एक या हातात, एक त्या हातात घेतला, जोखला आणि म्हणाले, "हा घे वं. हा वजनदार हाये."

"तोच घेऊन राहिली होती मी," सोनिका म्हणाली. "आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट वरखाली होते ना, म्हणून. बरोबर ओळखलं बाबा."

झालं. तेवढ्या कौतुकानं चंपतराव फुगले. आपल्याला हेही जमतं, असं त्यांनी तिथंच ठरवून टाकलं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

शेवटी राहिलं कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं तो डब्बा. विक्कीकडे मधोमध एक काचेचं कॅबिनेट मांडलेलं होतं. समोरून काच, बाजूनं काच, आत रंगीत दिवे. सोनिकानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं कोपऱ्यातलं एक काळं, समोरून नुसती जाळी असलेलं कॅबिनेट पसंत केलं. जोडून ठेवतो, शनिवारी संध्याकाळी घेऊन जा, असं विक्की म्हणाला.

शनिवारी सोनिकाचा सराव होता, म्हणून चंपतराव एकटेच गेले. मशीन तयार होतं. पण त्या काळ्या जाळीत ते इतकं गरीब दिसत होतं की त्यांना बघवेना. एखाद्या खुराड्यात कोंबडी बसवावी तसं. आणि शेजारी ते काचेचं कॅबिनेट आपलं झगमगत होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. संत्र्याची पेटी भरताना सगळ्यात देखणी फळं वरच्या थरात लावतात. गिऱ्हाईक झाकण उचलतं तेव्हा त्याला तोच थर दिसतो आणि बोली त्यावरच लागते. यात लबाडी नाही, ही बाजाराची रीत आहे. चंपतरावांचा जन्म त्या रीतीत गेला होता. एवढा उंची माल आणि त्याला वरचा थरच नाही, हे त्यांच्या डोळ्यांना सहन होईना. त्यातून त्यांच्या मनानं अशी खात्री करून घेतली की पोरीला काचेचंच हवं होतं, बापाच्या खिशाकडे पाहून तिनं मन मारलं. या विचारानं त्यांचे डोळेही थोडे भरून आले.

"विक्की, हे सगळं त्या काचेच्या डब्यात बसव," ते म्हणाले.

"काका, सोनिकानं जाळीवालंच सांगितलं होतं. काचेत हवा कमी खेळते."

"दोन पंखे जास्तीचे लाव गा. पोरीचं पहिलं नवं मशीन हाये. असं भिकाऱ्यावानी काहून न्यायचं?"

विक्कीनं दोन वेळा समजावलं, मग मान हलवून स्क्रू काढायला घेतले.

घरी मशीन सुरू झालं आणि खोलीभर निळा-जांभळा उजेड पसरला. सुभद्रानं काचेला हळदकुंकू लावलं. सोनिका दारात उभी राहिली. तिनं ती काच वरपासून खालपर्यंत बघितली. मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसली.

"छान दिसते बाबा," ती म्हणाली.

चंपतरावांना याहून जास्त काही नको होतं. तिनं मशीन खिडकीतल्या कूलरपासून दूर, आतल्या भिंतीला लावून घेतलं, कारण कूलरची हवा ओली असते आणि ती मशीनला चालत नाही. त्या रात्री ते झकास चाललं. रविवारी सकाळी मात्र ती छोटा पेचकस घेऊन बाजूची काच सोडवायला बसली. तेवढ्यात चंपतराव चहाचा कप घेऊन आले.

"काच काढू नको वं. नत्थूजी येऊन राहिला दुपारी पाहायले."

नत्थूजी बाजारातले दुसरे व्यापारी, चंपतरावांचे जुने दोस्त आणि बोली लावताना तेवढेच जुने वैरी. त्यांच्यासमोर उघडंवाघडं मशीन दाखवायचं म्हणजे काय.

सोनिकाचा हात स्क्रूवर थांबला. "बाबा, दुपारी गरम होईन ते."

"पंखे लावले ना दोन जास्तीचे. आजच्या दिवस राहू दे."

तिनं थोडा विचार केला आणि पेचकस खाली ठेवला.

दुपारी चाचणी सुरू झाली. बाहेर ऊन असं पडलं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. नत्थूजी आणि चंपतराव पलंगावर मागे बसले, सुभद्रा दारात. सोनिकानं कानाला हेडफोन लावले आणि ती बदलली. घरात पाण्याचा ग्लास शोधताना दहा ठिकाणी धडपडणारी ही पोर तिथं इतकी शांत बसली होती की पापणीही हलत नव्हती. हात मात्र चालत होते. पडद्यावर गल्लीच्या तोंडाशी ती सगळ्यांच्या पुढे उभी, आणि बाकीचे चौघं तिच्या मागे. खेळातलं काही कळत नसूनही चंपतरावांना एवढं कळलं की पुढे उभं राहायची हिंमत तिच्यातच आहे. नत्थूजींनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी सुपारी कातरायचं थांबवलं.

अर्धा खेळ झाला आणि पडद्यावरचं चित्र अडखळायला लागलं. पळणारा माणूस मध्येच गोठायचा आणि दुसरीकडे उगवायचा. काचेच्या आतले पंखे घरघर करू लागले. चंपतराव उठले आणि कूलरचं तोंड मशीनकडे वळवायला गेले. सोनिकानं मान न वळवता डावा हात उचलून त्यांना थांबवलं आणि तो हात लगेच परत कामाला लावला.

मग तिनं जे केलं ते चंपतराव बघतच राहिले. तिनं पुढची जागा सोडली. मागे एका उंच खिडकीत जाऊन बसली, जिथून नेम धरायची फारशी गरज नव्हती, आणि बाकीच्यांना सांगू लागली. उजवीकडून दोन येतायत. थांब, आता जा. पायऱ्यांवर एक आहे. चित्र अडकत होतं पण आवाज अडकत नव्हता. सांधे दुखणारा जुना हमाल जसा ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतो पण रस्त्यात टाकत नाही, तसं ती ते निभावून नेत होती. तिच्या मानेवरून घाम वाहत होता.

चंपतरावांनी हळूच पुढे होऊन काचेवर तळहात ठेवला, आणि झटक्यात मागे घेतला. काच पोळत होती. हा चटका त्यांच्या ओळखीचा होता. ताडपत्रीनं गच्च बंद केलेला ट्रक भर उन्हात उभा राहिला की आतल्या पेट्यांना हात लावल्यावर असाच लागतो. पेट्या चिकटून लावल्या म्हणून त्यांनी हमालांना केवढ्या शिव्या दिल्या होत्या. फळाला श्वास घेऊ द्या रे, मधे फट ठेवा, हे ते रोज ओरडून सांगत. आणि पोरीनं स्वतः निवडलेली जाळी काढून त्यांनीच तिच्या मशीनला काचेत कोंडलं होतं. सकाळी तर काच काढायला निघालेला तिचा हातही अडवला होता. चंपतराव परत पलंगावर येऊन बसले.

खेळ संपला. सोनिकाचा संघ हरला, थोडक्यात. सोनिका हेडफोनमध्ये बोलू लागली. पुण्याच्या संघाचा कर्णधार पियुष तिला विचारत होता आणि घरातल्यांना फक्त तिची उत्तरं ऐकू येत होती.

"हो, शेवटी अडकत होतं. गरम झालं. नाही, लाइट गेली नव्हती." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "हो, बरोबर आहे. सगळे सामने घरूनच असतात, मशीन नीट ठेवणं आपलंच काम असतं. मीच निवडलं. कॅबिनेटसुद्धा मीच निवडलं. माझा अंदाज चुकला, सॉरी."

चंपतरावांनी ते ऐकलं. पोरगी सहज, आवाज न कापता, खोटं बोलत होती आणि जागा हातची घालवत होती. बापाकडे तिनं एकदा वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना कमी लागलं असतं. शेजारी नत्थूजी बसले होते. बाजारात उभ्या जन्मात चंपतरावांनी आपल्या मालातली खोट कधी कबूल केली नव्हती. पेटीतून सडका नग निघाला तरी तो रस्त्यात सडला असेल, आमच्याकडून निघाला तेव्हा चोख होता, हे त्यांचं ठरलेलं उत्तर असे. आणि नत्थूजी तर ते उत्तर पाठ असलेला माणूस.

ते उठले, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दे इकडं ते कानाचं."

"बाबा, राहू द्या ना."

"दे म्हणतो ना वं."

त्यांनी हेडफोन डोक्यावर उलटाच चढवला. सोनिकानं तो नीट केला आणि बोलायची दांडी तोंडासमोर आणली.

"हॅलो. मी सोनिकाचा बाप बोलून राहिलो, चंपतराव. ऐका. पोरगी तुमाले खोटं सांगून राहिली. तिनं निवडलेला माल सारा चोख हाये. डब्बा तिनं जाळीचा निवडला होता, हवा खेळणारा. तो मी बदलला. मले काचेचा चांगला दिसला म्हणून. आज सकाळी ती काच काढून राहिली होती, तेही मी काढू देल्ली नाही. म्हणजे खोट असंल ते माझी हाये, तिची नाही. आता जागा कोणाले द्यायची ते तुमी ठरवा. मले फक्त हे सांगाचं होतं."



"काका, म्हणजे ती नागपूरच्या मे महिन्यात बंद काचेच्या डब्यावर खेळत होती?" पियुषनं विचारलं.

"हो. आणि बदललं हे माहीत असूनही मले रागाचा एक शब्द बोलली नाही."

मग पियुष म्हणाला, "दुसऱ्या मुलीचा खेळ आता सुरू होतोय. तो झाला की सोनिकाला परत एकदा खेळवू. काच काढून ठेवा तोवर."

चंपतरावांनी हेडफोन काढून मुलीच्या हातात दिला आणि निरोप सांगितला. नत्थूजी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. चंपतरावांनी नजर चुकवली नाही.

"बाबा, मेन बटन बंद करा," सोनिका म्हणाली. "आता काच दोन्ही हातांनी धरा, ओढू नका, वर उचला. स्क्रू वाटीत टाका. आई, सुती फडकं दे, कोरडं." ती सांगत गेली आणि चंपतराव करत गेले. बाजारात कोणाचं ऐकून घेतलेलं त्यांना आठवत नव्हतं, पण इथं त्यांना जराही जड गेलं नाही. समोरची काच निघाली, बाजूची निघाली, दिव्यांची वायर निघाली. उरलं ते तिनं निवडलेलं. जाडजूड पात्यांचा गठ्ठा, तीन पंख्यांचं साधं कार्ड, वजनदार पॉवर सप्लाय. कशालाच चमक नव्हती, आणि चंपतरावांना ते सुंदर दिसलं.

दुसऱ्या खेळात चित्र एकदाही अडखळलं नाही. सोनिका पुन्हा सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाही. खेळ संपल्यावर ती बराच वेळ हेडफोनमध्ये ऐकत राहिली, "हो" म्हणाली, पुन्हा "हो" म्हणाली, मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"घेतलं बाबा," ती म्हणाली, आणि मग मात्र तिचा आवाज कापला.

सुभद्रा पदरानं डोळे पुसत साखर आणायला स्वयंपाकघरात पळाली. नत्थूजी घसा खाकरून म्हणाले, "चंपत, पोरगी भारी निघाली गा तुझी."

चंपतराव मुलीजवळ गेले. "मले वाटे, आपल्या घरात पारख फक्त मलेच," ते म्हणाले. "तसं नाही हाये. तुले माझ्याहून जास्त कळते. हे मी नत्थूजीसमोर बोलून राहिलो, लक्षात ठेव."

सोनिकानं खाली बघत डोळे पुसले. "उद्या ते जाळीचं कॅबिनेट आणाले जाऊ बर्डीवर. सोबत येता का?"

"येतो ना," चंपतराव म्हणाले. "पण दुकानात तूच बोलजो. मी फक्त सामान उचलतो."